एफसी ट्वेंटे: पुरुषांच्या नावावर एक लीग, बायकांच्या नावावर दहा

सीमेवरची

डच फुटबॉल म्हटलं की आपल्याकडे आयाक्स, पीएसव्ही, फेयेनूर्ड ही तीन नावं येतात, मग क्रायफची गोष्ट निघते आणि गाडी तिथेच थांबते. मी राहते त्या एन्स्खेडे गावचा क्लब या तिघांत मोडत नाही. एफसी ट्वेंटे. यांच्या पुरुषांनी लीग जिंकली ती एकदाच, 2009-10 ला, स्टीव्ह मॅक्लारन प्रशिक्षक असताना. त्याच क्लबच्या महिला संघाने 2025 पर्यंत दहा वेळा देशाचं विजेतेपद घेतलंय. दहाचा हिशेब इथे कुणीतरी मागणारच, मागितला की बघू.

गाव जर्मनीच्या सीमेला खेटून. सायकलवर टांग टाकली की पलीकडे ग्रोनाऊ. एकेकाळी सगळा परिसर कापडगिरण्यांचा होता. त्या साठ-सत्तरच्या दशकांत एकामागून एक बंद पडल्या. क्लबही त्याच काळातला, 1965 साली एससी एन्स्खेडे आणि एन्स्खेडेसे बॉइज हे दोन संघ एकत्र करून झालेला. इथल्या लोकांना टुकर म्हणतात. बोलायला कमी, हट्टाला पक्के.

महिलांची एरेडिव्हिझी, म्हणजे देशातली सगळ्यांत वरची लीग, 2007 ला सुरू झाली. तेव्हा राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक फेरा पाउ होती आणि ही लीग व्हावी म्हणून तिने बराच जोर लावला होता. पहिल्या वर्षी संघ फक्त सहा: एडीओ डेन हाख, एझेड, हेरेनफेन, ट्वेंटे, उट्रेख्ट आणि विलेम टू. पहिल्या तिन्ही लीग एझेडने जिंकल्या. आणि 2011 मध्ये एझेडने महिला संघ बंद केला! लागोपाठ तीनदा विजेता ठरलेला संघ, खर्च परवडत नाही म्हणून गुंडाळला. विलेम टूही त्याच वर्षी बाहेर. उट्रेख्ट 2014 ला गेले ते थेट 2023 मध्ये परतले.

ट्वेंटे थांबलं नाही. आणि त्यांच्याकडे थांबायला कारण नव्हतं असं अजिबात नाही. 2015-16 मध्ये पुरुषांच्या क्लबची आर्थिक अवस्था इतकी बिकट होती की मे महिन्यात डच फुटबॉल महासंघाने त्यांना खालच्या विभागात ढकलायचं ठरवलं होतं, अपिलात कसेबसे वाचले. त्याच मोसमात महिला संघ विजेता. 2018 ला पुरुष खरोखरच खाली घसरले. पुढच्याच मोसमात महिला पुन्हा विजेत्या.

माझं म्हणणं एवढंच, की इथे यश पैशाने आलेलं नाही. वाईट दिवसांत कात्री लावायची वेळ आली तेव्हा महिला संघावर ती आधी चालवली नाही, यातून आलंय. पटत असेल-नसेल तर बोला.

काळी_चार

लेख आवडला, पण निष्कर्ष जरा घाईचा वाटतो. तुम्हीच दिलेल्या सहा नावांतले एडीओ आणि हेरेनफेन हेही कधी थांबले नाहीत. मग त्यांच्याकडे दहा का नाहीत? नुसतं टिकून राहिल्याने ट्रॉफी मिळत असती तर आमच्या गल्लीतलं मंडळ एव्हाना विश्वविजेतं असतं.

दुसरं, ज्या खेळाला प्रेक्षक नाहीत त्याचा खर्च क्लबने किती वर्षं उचलायचा? एझेडने हिशेब केला आणि संघ बंद केला. त्यात खलनायक कोण?

रंकाळा

कोल्हापूरकर म्हणून हजेरी लावतो. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ... पेठेपेठेत तालमींचे संघ. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की पाय ठेवायला जागा नसते, पोलीस बंदोबस्त वेगळाच. बाहेरून, अगदी आफ्रिकेतून खेळाडू आणायलाही मंडळी मागेपुढे बघत नाहीत. म्हणजे पैसा आहे, पब्लिक आहे, ईर्षा तर विचारू नका.

पण तालमीचा मुलींचा संघ विचारला तर सगळे एकमेकांकडे बघतात. पोरी खेळतात, शाळेकडून खेळतात आणि चांगल्या खेळतात. दहावी झाली की कुठे गेल्या पत्ता लागत नाही. म्हणून विचारतो, त्या एन्स्खेडेत पंधरा-सोळाच्या पोरीला रोज संध्याकाळी ग्राउंडवर आणतं कोण? बक्षिसाचं नंतर बघू.

सीमेवरची

काळी_चार, मुद्दा बरोबर पकडलात. नुसतं टिकणं पुरत नाही. एडीओने 2012 ला लीग जिंकली, प्रशिक्षक सरिना वीखमन. हो, तीच, जिने पुढे नेदरलँड्सला 2017 चा आणि इंग्लंडला 2022 आणि 2025 चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांचा चषक, जिंकून दिला. पण ती राष्ट्रीय महासंघाकडे गेली आणि एडीओची गाडी मंदावली. हेरेनफेनने विवियाने मीडेमाला पंधराव्या वर्षी पहिल्या संघात आणलं. ती 2014 ला जर्मनीच्या बायर्नला गेली, आणि तिच्या जागी दुसरी मीडेमा काही आली नाही.

ट्वेंटेचं वेगळेपण माझ्या मते दोन गोष्टींत. आयाक्स आणि पीएसव्ही महिलांच्या लीगमध्ये आले 2012 ला, फेयेनूर्ड तर 2021 ला. म्हणजे सुरुवातीला देशातल्या चांगल्या मुलींपुढे मोजकेच दरवाजे होते, त्यातला एक इथे. ही आघाडी त्यांनी वाया घालवली नाही. आणि दुसरी गोष्ट म्हणजे प्रशिक्षक. आर्यन फ्योरिंक इथे 2012 ते 2016, मग वीखमनचा सहायक म्हणून दोन देशांत, आणि आता तोच नेदरलँड्सच्या महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक. त्याच्या पाठोपाठ टॉमी श्ट्रोट, सीमेपलीकडचा जर्मन, तो इथून थेट वोल्फ्सबुर्ग या जर्मन क्लबला गेला. महिला संघ म्हणजे कुणाला तरी रिकाम्या वेळेत सांभाळायला दिलेलं काम, असं इथे झालं नाही.

रंकाळा, तुमच्या प्रश्नाला सावकाश उत्तर देते. तो महत्त्वाचा आहे.

धोबीतलाव

दहाचा हिशेब मीच मागतो आणि मीच देतो. 2011, 2013, 2014, 2015, 2016, 2019, 2021, 2022, 2024, 2025.

यात मेख आहे ती मधल्या तीन वर्षांत. 2012 ते 2015 बेल्जियम आणि नेदरलँड्स यांची मिळून ‘बेने लीग’ होती. पहिले दोन मोसम ट्वेंटेने जिंकले. तिसरा जिंकला बेल्जियमच्या स्टँडर्ड लिएज या क्लबने. पण डच संघांत सगळ्यांत वर ट्वेंटे, म्हणून त्या वर्षीचं डच विजेतेपद त्यांचं. कुणी नऊ म्हटलं तर भांडू नये. 2020 ला कोविडमुळे मोसम अर्धवट सोडला, विजेता कोणीच नाही.

बाकी, 2015 मध्ये चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत, यांनी बायर्नला घरी पाठवलं होतं, पुढच्या फेरीत बार्सिलोनाने यांना. या तपशिलाशिवाय धागा अपूर्ण राहिला असता.

उंटावरचा

धोबीतलाव आले, आता कुणी चूक लिहायची सोय राहिली नाही. 😄

बालेवाडी_फाटा

काळी_चार यांच्या ‘प्रेक्षक नाहीत’ला थोडा छेद. प्रेक्षक आपोआप उगवत नाहीत, बोलवावे लागतात. नेदरलँड्सने 2017 ला युरो भरवला आणि अंतिम सामना ठेवला कुठे, तर अॅमस्टरडॅम, रॉटरडॅम सोडून याच एन्स्खेडेत. 6 ऑगस्ट 2017, डेन्मार्कविरुद्ध 4-2. मैदानात 28 हजारांवर लोक. पूर्वार्धात डेन्मार्कचा पेनल्टीवर गोल, मीडेमाची बरोबरी, लीके मार्टेन्सने आघाडी, पेर्निल हार्डरने पुन्हा बरोबरी. मग शेरिडा स्पिट्सेची फ्री किक आणि शेवटी परत मीडेमा. ती स्पिट्सेही ट्वेंटेकडून खेळणारी. त्या स्पर्धेपासून संघाच्या छातीवरचा सिंह जाऊन सिंहीण आली.

आता आपलं बघा. 2022 चा महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि आमच्या बालेवाडीत झाला. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आशियातले सर्वोत्तम संघ, आणि बायो-बबलमुळे दारं बंद. आपल्या संघात कोविड शिरला, चायनीज तैपेईविरुद्ध उतरवायला खेळाडू पुरेनात, स्पर्धेतूनच बाहेर. नशीब म्हणा, पण त्यानंतरही कुणी त्या मैदानावर मुलींची मॅच लावून ‘या बघायला’ म्हटल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

काळी_चार

स्पर्धेचा अंतिम सामना भरणं वेगळं आणि पावसाळी नोव्हेंबरमध्ये लीगची मॅच भरणं वेगळं. ते सोडा. माझा खरा आक्षेप असा आहे की ट्वेंटे दहा लीग जिंकूनही शेवटी युरोपची रोपवाटिका आहे. तिथे चमकलेली प्रत्येक पोरगी दोन-तीन वर्षांत इंग्लंड नाहीतर जर्मनीला. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये निदान विक्रीतून क्लबची तिजोरी भरते. आयाक्सचं अर्धं अर्थकारण त्यावर चालतं. इथे काय मिळतं?

धोबीतलाव

काळी_चार, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. यावर थोडं लांबण लावतो.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये खेळाडूला घडवणाऱ्या क्लबचं हित जपणारे फिफाचे दोन नियम आहेत. पहिला म्हणजे प्रशिक्षण-भरपाई. खेळाडूने पहिला व्यावसायिक करार दुसऱ्या क्लबशी केला, किंवा 23 वर्षांचा होण्याआधी परदेशी क्लबात गेला, की नव्या क्लबने त्याच्या जडणघडणीच्या वर्षांचे पैसे जुन्या क्लबांना द्यायचे. बदलीची रक्कम शून्य असली तरी द्यायचे. दुसरा म्हणजे बदलीच्या रकमेतले 5 टक्के, जे खेळाडूला 12 ते 23 या वयात वाढवणाऱ्या क्लबांत वाटले जातात.

फिफाच्या नियमावलीत एका ओळीत लिहिलंय की पहिला नियम महिला फुटबॉलला लागू नाही. कारण समजण्यासारखं आहे. महिलांच्या क्लबांकडे आधीच पैसा कमी, त्यात भरपाईचा बोजा टाकला तर कोणी मुलींना घेणारच नाही आणि खेळाडूंची हालचाल गोठेल, ही भीती. दुसरा नियम लागू आहे, पण तो बदलीला रक्कम मोजली तरच. महिलांमध्ये बरेचदा करार संपतो आणि खेळाडू फुकट जाते. शून्याचे 5 टक्के शून्य!

म्हणजे ट्वेंटेने बारा वर्षांची मुलगी घ्यायची, आठ वर्षं शिकवायची आणि करार संपला की हात हलवून निरोप द्यायचा. मिळकत येते ती बाजूने. 2021 पासून चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत पोचलं की किमान 4 लाख युरो मिळायला लागले. शिवाय राष्ट्रीय संघासाठी खेळाडू सोडल्याबद्दल युएफा ही युरोपची फुटबॉल संघटना क्लबांना पैसे देते, 2022 च्या युरोसाठी एकूण 45 लाख युरो होते, 2025 साठी 90 लाख. सगळ्या क्लबांत वाटून, अर्थात. चेल्सीसाठी चिल्लर, ट्वेंटेसाठी नाही.

उंटावरचा

थोडक्यात ट्वेंटे म्हणजे माहेर. वाढवा, शिकवा, पाठवणी करा, आणि सणासुदीला टीव्हीवर बघून डोळे पुसा.

सीमेवरची

उंटावरचा, हसले. पण यांच्यातली एक माहेरी परत आली, ते पुढे सांगते.

धोबीतलाव, हा नियम मला माहीत नव्हता, आभार. पाठवणीची यादी खरंच लांब आहे. शेजारच्या ओल्डेनझालची यिल रोर्ड इथेच किशोरवयात वर आली, मग बायर्न, आर्सेनल, वोल्फ्सबुर्ग, मँचेस्टर सिटी. गोलरक्षक सारी फान फेनेंडाल इथून आर्सेनलला. तिची जागा पुढे राष्ट्रीय संघात घेतली तीही ट्वेंटेच्याच डाफ्ने फान डोमसेलारने. 2022 च्या युरोत पहिल्याच सामन्यात फान फेनेंडालला दुखापत झाली आणि बाकावरची ही पोरगी उतरली. तिने असे काही चेंडू अडवले की पुढच्या वर्षी अॅस्टन व्हिला घेऊन गेलं, मग आर्सेनल. 2025 ला आर्सेनलने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा जाळ्यापुढे तीच होती. वीके काप्टाइनला तर चेल्सीने 2023 मध्ये करारबद्ध केलं आणि एक वर्ष इथेच खेळायला ठेवलं. पुढच्या मोसमात गटात चेल्सी आणि ट्वेंटे आमनेसामने!

पावसाळी नोव्हेंबरचं म्हणाल तर बसून बघितलंय. स्टेडियम आमच्या विद्यापीठाला लागून, केनिसपार्क स्टेशनवर उतरलं की समोर. तीस हजारांच्या मैदानात लाल खुर्च्या बऱ्याच रिकाम्या असतात, खोटं कशाला बोलू. भरलेला असतो तो एक कठडा. मॅच संपायच्या पाच मिनिटं आधीच आठ-दहा वर्षांच्या मुली खाली उतरून तिथे जागा धरतात. हातात पुठ्ठ्यावर रंगवलेलं ‘तुझा शर्ट मिळेल का?’, गळ्यात ओला स्कार्फ, मागे फ्राइजचा द्रोण धरून कंटाळलेला बाप. शिट्टी झाली की खेळाडू ड्रेसिंग रूमकडे न जाता या कठड्याकडे येतात, पायात नडगीचे पॅड तसेच, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सह्या करत जातात. रेनाटे यान्सनने कर्णधार असताना कितीतरी मोसम हे केलं. पुरुषांच्या मॅचला असं कुणी थांबत नाही, सुरक्षारक्षक थांबूही देणार नाहीत.

आणि रोर्ड. 2025 च्या उन्हाळ्यात ती सिटी सोडून परत ट्वेंटेला आली. वय अठ्ठावीस, म्हणजे निवृत्तीच्या गप्पा करायचं नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या सामन्यात ट्वेंटेने चेल्सीला 1-1 असं रोखलं. काळी_चार, रोपवाटिकेने असं करायचं नसतं ना?

काळी_चार

एक बरोबरी झाली म्हणून अर्थकारण बदलत नाही. 🙂 पण शर्ट मागणाऱ्या पोरींचं लिहिलंत ते लक्षात राहील. त्या पंधरा वर्षांनी तिकीट काढणार असतील तर एझेडचा हिशेब चुकला, एवढं मान्य. बाय द वे, एझेडचं पुढे काय झालं?

धोबीतलाव

2011 ला संघ शेजारच्या टेलस्टारकडे गेला, मग तिथून पुढे आल्कमारमधल्या एका क्लबकडे, आणि 2023 ला परत एझेडच्या नावाखाली आला. वर्तुळ पूर्ण व्हायला बारा वर्षं. टेलस्टारनेही पुन्हा महिला संघ चालवला, आणि 2025 मध्ये त्याची जागा हेरा युनायटेडने घेतली. हा व्यावसायिक क्लब फक्त महिलांचा, कुठल्या पुरुष क्लबाचा विभाग नाही. नेदरलँड्समध्ये असा पहिलाच. पुरुषांचा ताळेबंद बिघडला की बायकांचा संघ जातो, यावर हा एक उपाय. चालेल की नाही ते बघायचं. मोठ्या क्लबाचं मैदान, फिजिओ, डॉक्टर हे सगळं स्वतः उभं करायचं म्हणजे सोपं नाही.

मडगांवकार

हांव उशिरा आलो. फातोर्ड्याला 2022 मध्ये मुलींच्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपच्या मॅची पाहिल्या आहेत, म्हणून या विषयाबद्दल जिव्हाळा. बाहेर पडताना बापांच्या खांद्यावर पोरी होत्या, तुमच्या कठड्यावरच्यासारख्याच. फरक पुढच्या आठवड्यात. तिथल्या पोरीला पुढच्या शनिवारी परत मॅच असते. आमच्या पोरीला पुढची मॅच कधी, ते आम्हालाच माहीत नसतं. आमच्याकडची मनीषा कल्याण 2022 ला सायप्रसच्या अपोलॉनकडून महिला चॅम्पियन्स लीग खेळली, पहिली भारतीय. ती जावी म्हणून इथे कुठली साखळी होती? एकटीच्या जिद्दीवर गेली.

रंकाळा

मडगांवकार, अगदी. पुढच्या शनिवारची गोष्ट आहे ही. सीमेवरची, माझं उत्तर राहिलंय.

सीमेवरची

विसरले नाही. रंकाळा, तुम्ही विचारलंत पोरीला ग्राउंडवर आणतं कोण. इथे कुणी आणत नाही, ती सायकलवर स्वतः येते, बूट हँडलला लटकवून. गावागावांत हौशी क्लब आहेत. प्रशिक्षक कुणाचा तरी काका, कँटीनमध्ये कॉफी ओतणारी कुणाची तरी आई, सगळे बिनपगारी. आणि लहानपणी मुलं-मुली एकाच संघात, एकाच वेळी, एकाच मैदानावर. मुलींसाठी वेगळी वेळ मागावी लागत नाही, कारण वेळ वेगळी नसतेच. चुणचुणीत मुलींना तर मुद्दाम जास्तीत जास्त वर्षं मुलांच्यात खेळवतात. मीडेमा तशीच वाढली. एकोणिसाव्या वर्षी हे थांबायचं. मग 2020 मध्ये फ्रीसलँडच्या फोआरुत या छोट्या क्लबने एलेन फोक्केमाला पुरुषांच्या पहिल्या संघात ठेवायची परवानगी मागितली, महासंघाने प्रयोग म्हणून दिली, आणि नंतर खालच्या हौशी विभागांत ती वाट सगळ्याच मुलींना खुली केली.

हे पूर्वापार असंच होतं असं समजू नका. याच महासंघाने 1955 साली क्लबांना सांगितलं होतं की बायकांना मैदान द्यायचं नाही. 1971 मध्ये मान्यता दिली, तीही युएफाने सगळ्या देशांना तगादा लावल्यावर. म्हणजे 1955 चा डच क्लब आणि आजची तालीम यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. तुमच्याकडे सध्या मुलींना मैदान कुठल्या वेळेला मिळतं?

रंकाळा

दुपारी अडीच ते साडेतीन. मे महिन्यातसुद्धा. चारला मोठी पोरं येतात.

बालेवाडी_फाटा

रंकाळा, नवीन धागा काढा यावर. मी लिहितो पुण्याचं.

रंकाळा

काढतो. तालमीतल्या दोघा-तिघांना विचारून घेतो आधी, त्यांचंही म्हणणं येऊ दे.